द्रानिकी म्हणजे धिरडीं नव्हेत

सुशिक्षित मराठी कुटुंबांतून परदेशी पदार्थ घरीं करून पाहण्याची हौस अलीकडे बरीच वाढली आहे, आणि ही हौस आम्हांस मुळींच वाईट वाटत नाहीं. ज्या घरांत महिन्यांतून एक दिवस तरी दूरच्या देशाचें अन्न शिजतें, त्या घरांतील मुलांस नकाशा निराळ्या रीतीनें वाचतां येतो. परंतु या हौसेबरोबर एक संवयहि आपल्या स्वयंपाकघरांत शिरली आहे, आणि तिच्याविरुद्ध चार शब्द स्पष्टपणें लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें. परक्या पदार्थाचें नांव पुसावयाचें, त्याची रीत मोडावयाची, त्यांत आपला मसाला घालावयाचा, आणि शेवटीं 'हें तर आपल्याकडच्या अमक्यासारखेंच आहे' असा निकाल देऊन मोकळें व्हावयाचें, ही ती संवय होय. तिला कोणी औदार्य म्हणतात, कोणी आपलेपणा म्हणतात. आमच्या मतें तो निव्वळ आळस आहे, आणि कांहीं प्रसंगीं तो अन्यायहि आहे.

हा आरोप मोघम राहूं नये म्हणून आम्ही एकच पदार्थ घेतों. बेलारूस देशांत बटाट्याचा एक पदार्थ घरोघर होतो. कच्चा बटाटा बारीक किसतात, त्यांत थोडा कांदा व मीठ घालतात, आणि चमच्याचमच्यानें तव्यावर लहान चकत्या घालून त्या चरबींत किंवा तेलांत दोन्ही बाजूंनीं तांबूस होईपर्यंत तळतात. वर आंबट साय घेऊन त्या गरम गरम खातात. अशा एका चकतीस 'द्रानिक' म्हणतात, अनेकांस 'द्रानिकी'. पदार्थ इतकाच.

आतां याचें आपल्याकडे काय होतें तें पाहावें. पाककृति सांगणारा प्रथम त्याचें नांव 'रशियन पॅनकेक' असें ठेवतो. मग किसणी बाजूस सारून बटाटे मिक्सरांत टाकावयास सांगतो. मिक्सरचें पातें कोरडें फिरत नाहीं, म्हणून अर्धी वाटी पाणी. पाण्यानें लगदा पातळ झाला, म्हणून दोन डाव मैदा अथवा बेसन. पिठानें बटाट्याची चव गेली, म्हणून हिरव्या मिरच्या, कोथिंबीर व जिरें. एवढें सर्व झाल्यावर तव्यावरून जें उतरतें तें धिरडें असतें. धिरडें हा उत्तम पदार्थ आहे, आणि त्याची निंदा करण्याचें आम्हांस कांहींच कारण नाहीं. धिरडें करावयाचें आणि द्रानिकी केल्याचा डौल मिरवावयाचा, याला मात्र आमची हरकत आहे.

'एका बटाट्याच्या चकतीवरून एवढा गहजब कशाला?' असें कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें उत्तर त्या देशाच्या इतिहासांत आहे. पोलंड, लिथुएनिया, लाटव्हिया, रशिया व युक्रेन यांच्या मधोमध वसलेला हा सपाट, अरण्यांचा व दलदलींचा मुलूख. तो शतकानुशतकें लिथुएनिया व पोलंड यांच्या राज्यांत मोडत असे. १७७२, १७९३ व १७९५ या सालांच्या तीन वांटण्यांनीं तो रशियाच्या झारांच्या हातीं गेला. झारशाहीच्या लेखीं तेथील भाषा ही स्वतंत्र भाषाच नव्हती. रशियन भाषेची एक खेडवळ बोली एवढीच तिची किंमत. १९०६ सालीं विल्ना शहरांत 'नाशा नीवा' हें बेलारूसी साप्ताहिक निघूं लागलें, तें या उपेक्षेस उत्तर म्हणूनच. १९२१ सालच्या रीगा येथील तहानें देश पोलंड व सोव्हिएट सत्ता यांच्यामध्यें चिरला गेला. दुसऱ्या महायुद्धांत तेथील दर चार माणसांमागें निदान एक मनुष्य मेला. २२ मार्च १९४३ या दिवशीं खातिन नांवाच्या खेड्यांतील १४९ माणसें, त्यांत ७५ मुलें, एका कोठारांत कोंडून आगीनें व गोळ्यांनीं मारण्यांत आलीं. १९८६ सालीं चेर्नोबिल येथील अणुभट्टी फुटली ती युक्रेनांत. पण तिची किरणोत्सर्गी धूळ सर्वांत अधिक बरसली ती शेजारच्या बेलारूसवर. देशाच्या एक-पंचमांशाहून अधिक भूमि दूषित झाली, आणि ज्या मातींतून बटाटा काढावयाचा त्या मातीकडेच संशयानें पाहण्याची पाळी शेतकऱ्यावर आली. १९९१ सालीं देश स्वतंत्र झाला. अशा देशाच्या पदार्थावर 'रशियन' अशी चिठ्ठी डकविणें ही नुसती भूगोलाची चूक नव्हे. बेलारूस या नांवांतील 'रूस' म्हणजे आजची रशिया नव्हे. तें पूर्वेकडील स्लाव लोकांच्या जुन्या मुलखाचें नांव आहे. ज्या शेजाऱ्यानें तुमची भाषा आपली बोली म्हणून गिळूं पाहिली, त्याच शेजाऱ्याच्या नांवानें तुमचें ताट जगापुढें मांडलें जावें, हें त्या लोकांस कसें लागत असेल याची कल्पना मराठी माणसास तरी सांगावी लागूं नये.

भाषेची हकीकत याहूनहि बोलकी आहे. १९९० सालच्या कायद्यानें बेलारूसी ही तेथील एकमेव राजभाषा ठरली. पांचच वर्षांनीं, १९९५ सालच्या सार्वमतानंतर, रशियन भाषेस तिच्याबरोबरीचा दर्जा मिळाला, आणि व्यवहारांत रशियनच वरचढ झाली. २०१९ सालच्या जनगणनेंत सुमारें ५४ टक्के लोकांनीं बेलारूसी ही आपली मातृभाषा म्हणून सांगितली. पण घरीं ती बोलणारे निघाले सुमारें २६ टक्के. म्हणजे ती आईची भाषा म्हणून सांगणारे जितके, त्यांच्या निम्मेच लोक ती घरांत बोलतात. युनेस्कोनें जगांतील संकटग्रस्त भाषांच्या यादींत तिचें नांव घातलें आहे. अशा स्थितींत भाषा कोठें टिकून राहते? शाळांत व कचेऱ्यांत तिला जागा उरली नाहीं म्हणजे ती चुलीपाशीं येऊन बसते. बटाट्यास रशियन मनुष्य 'कार्तोश्का' म्हणतो, बेलारूसी मनुष्य 'बुल्बा' म्हणतो. या शब्दावरूनच शेजाऱ्यांनीं बेलारूसी माणसांस 'बुल्बाश' असें हिणवणारें नांव पाडलें, आणि बेलारूसी माणसांनींहि तें हंसत हंसत आपलेंसें केलें. दिवसभर रशियन बोलणाऱ्या घरांतहि तव्यावरचे द्रानिकी हे द्रानिकीच राहिले. रशियन भाषेंतसुद्धां हा पदार्थ याच नांवानें व बेलारूसी पदार्थ म्हणूनच ओळखला जातो. लहान भाषेनें मोठ्या भाषेच्या तोंडीं घातलेला हा घांस आहे. तो आपण परक्या पण त्रयस्थ लोकांनीं पुसून टाकावा, हें आम्हांस शोभत नाहीं.

येथें एक आक्षेप येईल. स्वेत्लाना अलेक्सिएविच यांना २०१५ सालीं साहित्याचें नोबेल पारितोषिक मिळालें. त्या बेलारूसच्या, आणि लिहितात रशियन भाषेंत. तेव्हां भाषेवरून राष्ट्र ठरत नाहीं, मग पदार्थाच्या नांवावरून कसें ठरेल? आक्षेपाचा पूर्वार्ध आम्हांस मान्य आहे. कोणत्या भाषेंत लिहावें व बोलावें हें ज्याचें त्यानें ठरवावें. त्या निवडींत बाहेरच्यानें पडूं नये. पण म्हणूनच बाहेरच्यानें त्यांच्या नांवांतहि ढवळाढवळ करूं नये. त्यांनीं आपली भाषा सोडणें हा त्यांचा प्रश्न. आपण त्यांची ओळख पुसणें हा आपला अपराध. या दोहोंची गल्लत करणें बरें नव्हे.

नांवाचा मुद्दा झाला, आतां रीतीचा. 'द्रानिकी' हा शब्द 'द्रात्स' या क्रियापदावरून आला आहे, आणि त्याचा अर्थ फाडणें, ओरबाडणें, किसणें असा होतो. पदार्थाच्या नांवांतच त्याची कृति सांगितलेली आहे. मराठी स्वयंपाकघरास याचें मर्म समजावयास अडचण पडूं नये. आपण भाकरी थापतों, पोळी लाटतों, शेवया वळतों, पुरण वाटतों, कुरडया घालतों. भाकरी लाटली असें कोणी म्हटलें तर आपण हंसूं, आणि तशी ती खरोखरच लाटून वाढली तर पानावरून उठूं. प्रत्येक पदार्थाच्या मागें एक क्रियापद उभें आहे, आणि तें क्रियापद म्हणजे कोणाच्या तरी आजीच्या हाताचें ज्ञान आहे. मग परक्याच्या क्रियापदाची एवढी हेळसांड कां?

ज्यांना हा केवळ भावनेचा प्रश्न वाटतो त्यांच्यासाठीं बटाट्याचें शास्त्र पाहूं. बटाट्यांत दर शंभर भागांत सुमारें ऐंशी भाग पाणी असतें, आणि उरलेल्यांत बहुतांश पिष्टसत्त्व. किसणीच्या बारीक दांत्यांनीं बटाट्याच्या पेशी फाटतात, त्यांतील सत्त्व व पाणी बाहेर येतें, आणि तरी गराचे बारीक धागे शिल्लक राहतात. तव्यावर हा कीस पडला कीं साठ-पासष्ट अंश उष्णतेच्या पुढें तें सत्त्व फुगून चिकट होतें व धाग्यांस धाग्यांशीं जोडतें. बाहेरचें पाणी तेलांत उडून जातें व कडा कुरकुरीत होतात. आंतला भाग मऊ राहतो. जोडणारें द्रव्य बटाट्यांतच असतां बाहेरून पीठ आणण्याची गरज काय? गरज पडते ती मिक्सर लावल्यामुळें. त्याचें पातें धागे ठेवीत नाहीं. तें सर्वांचा फेंस करतें. त्यांत पाणी पडलें म्हणजे सत्त्व पातळ होतें, आणि मग पिठाचा टेकू द्यावा लागतो. पहिली सवलत घेतली कीं दुसरी तिच्या मागोमाग येते, हा नियम स्वयंपाकासहि लागू आहे.

याहून मौजेची गोष्ट अशी कीं, 'हा तर आपला बटाट्याचा कीसच, फक्त थापलेला' असें जे म्हणतात, त्यांनीं दोन्ही पदार्थ नीट पाहिलेलेच नसतात. एकादशीचा कीस करतांना आपण किसलेला बटाटा पाण्यांत टाकतों, चोळून धुतों व पिळून घेतों. कां? तर तो मोकळा व्हावा म्हणून. सुटलेलें सत्त्व आपण पाण्याबरोबर ओतून देतों, कारण तें राहिलें तर कीस कढईंत गोळा होतो. द्रानिकी करणारी बेलारूसी गृहिणी नेमकें उलट करते. तिला गोळा हवा असतो. किसांतून फार पाणी सुटलें तर ती तें एका वाडग्यांत निथळू देते, क्षणभर स्थिर ठेवते, वरचें पाणी हलकेंच ओतून टाकते, आणि तळाशीं बसलेला पांढरा साका पुन्हां किसांत कालवते. ज्या घरांत उन्हाळ्यांत गहूं भिजवून कुरडयांचा चीक पाडला जातो, त्या घरास ही युक्ति शिकवावी लागणार नाहीं. किसणी तीच, बटाटा तोच. पण एकीनें सत्त्व टाकावयाचें, दुसरीनें राखावयाचें. अशा दोन पदार्थांस 'एकच' म्हणणें म्हणजे दोघींच्याहि अकलेचा अपमान करणें होय.

आतां कांहीं विरोधकांचें म्हणणें प्रामाणिकपणें मांडलें पाहिजे. 'बेलारूसमध्यें तरी सगळीं घरें पीठ व अंडें यांशिवाय द्रानिकी करतात काय?' असें ते विचारतात. करीत नाहींत. पुष्कळ घरीं एखादें अंडें फोडतात, चमचाभर पीठहि घालतात, आणि त्यावरून तेथेंहि घराघरांतून वाद होतात. पण त्या वादांत व आपल्या मोडतोडींत जमीनअस्मानाचें अंतर आहे. तेथील गृहिणी पीठ घालते ती बटाटा पाणचट निघाला म्हणून, हात आंखडून, आणि आपण काय करतों आहोंत तें जाणून. शिवाय ऑर्थोडॉक्स पंथाच्या उपवासकाळांत अंडें, दूध व साय वर्ज्य असतात. त्या दिवसांत बटाटा, कांदा व मीठ एवढ्यावरच द्रानिकी होतात आणि उत्तम होतात. तेव्हां अंड्यावांचून ते जमतच नाहींत ही समजूत खोटी. ज्यास नियम ठाऊक आहे त्यानें केलेला अपवाद, आणि ज्यास नियमच ठाऊक नाहीं त्यानें केलेला गोंधळ, हे दोन्ही बाहेरून सारखे दिसले तरी एक नव्हेत.

दुसरा पक्ष इतिहासाचें शस्त्र उचलतो. 'बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेच्या डोंगरांतला. तो युरोपांत आला सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धांत, बेलारूसमध्यें अठराव्यांत, आणि गरिबांच्या शेतांत पसरला एकोणिसाव्यांत. मग हा पदार्थ पारंपरिक कसला?' या युक्तिवादानें पुष्कळ विद्वान फसतात. परंपरा म्हणजे प्राचीनता, असें त्यांनीं गृहीत धरलेलें असतें. तसें असेल तर आपल्या उपवासाच्या फराळाचें काय करावयाचें? बटाटा, साबूदाणा ज्यापासून होतो तो कंद, भुईमूग, मिरची हीं चारहि अमेरिका खंडांतून आलेलीं. आणि 'बटाटा' हा शब्दहि आपल्याला पोर्तुगीजांकडून मिळाला. म्हणून साबूदाण्याची खिचडी मराठी नव्हे असें म्हणावयास कोणी धजेल काय? वस्तु कोठून आली यावरून परंपरा ठरत नाहीं. त्या वस्तूवर एखाद्या लोकसमूहानें पिढ्यान्‌पिढ्या कोणता हात फिरविला, तिला कोणतें नांव दिलें, दुष्काळांत व सणांत तिला कोणती जागा दिली, यावरून ती ठरते. बेलारूसी शेतकऱ्यानें थंड प्रदेशांतील हलक्या जमिनींतून हा कंद काढला, त्यावर हिंवाळे काढले, त्याच किसापासून मांस भरलेले 'काल्दुनी' केले, भट्टींत भाजलेली 'बाबका' केली. बटाटा परदेशचा, किसणें त्याचें स्वतःचें.

तिसरा पक्ष म्हणतो, 'हा पदार्थ एकट्या बेलारूसचा आहे कोठें?' खरेंच नाहीं. युक्रेनमध्यें अशाच चकत्यांस 'देरुनी' म्हणतात, पोलंडमध्यें 'प्लात्स्की', आणि पूर्व युरोपांतील ज्यू लोक हनुक्का सणांत तेलांत तळतात ते 'लाटकेस' यांच्याच गोत्रांतले. १८९७ सालच्या जनगणनेंत मिन्स्क शहराची निम्म्याहून अधिक वस्ती ज्यू होती. तेव्हां एका भिंतीच्या अलीकडे द्रानिकी व पलीकडे लाटकेस तळले जात असतील, आणि कोणी कोणाकडून काय उचललें याचा हिशेब कोणीं ठेवला असेल? पण यावरून नांवें पुसावीं असें निघत नाहीं. उलट तीं अधिक काळजीनें जपावीं असें निघतें. त्या ज्यू शेजाऱ्यांपैकीं बहुतेकांचा १९४१ ते १९४४ या काळांत जर्मन अंमलाखालीं संहार झाला. भिंतीपलीकडचें घर रिकामें झालें. त्या घराच्या तव्यावरचें नांव तेवढें उरलें. सर्वांना मिळून 'बटाट्याचे पॅनकेक' म्हणणाऱ्यास हीं दोन घरें दिसतच नाहींत.

चवथा आक्षेप चवीचा. 'तेथें डुकराची चरबी वापरतात. तेथील आंबट साय येथें मिळत नाहीं. मग आपल्या पद्धतीनें केल्यावांचून गत्यंतर काय?' हा आक्षेप वरून दिसतो तितका भक्कम नाहीं. चरबी न चालणाऱ्या घरांनीं सूर्यफुलाचें तेल घ्यावें. तें बेलारूसच्या स्वयंपाकघरांतहि नित्य असतें. आणि आंबट साय येथें मिळत नाहीं असें मराठी गृहिणीनें म्हणावें हें तर आश्चर्यच! लोणी काढण्यासाठीं आपण रोज जी साय विरजण लावून सांठवतों, ती दुसरी काय आहे? ताजी विरजलेली, फार आंबट न झालेली साय घुसळण्यापूर्वीं वाटींत काढून घ्यावी; बेलारूसी 'स्म्याताना' हिच्याहून फारशी निराळी नसते. दुकानांतून महागडा डबा आणणाऱ्यास आपल्याच घरांतलें भांडें दिसत नाहीं, आणि मग तो पदार्थ आपल्याकडे होण्यासारखा नाहीं म्हणून बदलावयास बसतो.

खरी अडचण आहे ती बटाट्याची, आणि तिच्याविषयीं कोणी बोलत नाहीं. बेलारूसी बटाटा सत्त्वानें भरलेला असतो. आपल्या मंडईंतील नवा बटाटा पाणचट असतो. म्हणून द्रानिकींसाठीं जुना, घट्ट सालीचा बटाटा निवडावा. चिवड्याच्या व वेफरच्या कारखान्यांसाठीं पिकवितात तो 'कुफ्री चिपसोना' जातीचा मिळाल्यास फारच उत्तम, कारण त्यांत पाणी कमी व सत्त्व अधिक. शीतगृहांतून नुकताच निघालेला बटाटा टाळावा. थंडींत राहून त्याच्या सत्त्वाची कांहीं साखर झालेली असते, त्यामुळें तो गोडसर लागतो व आंत शिजण्यापूर्वींच बाहेरून काळवंडतो. असा बटाटा एक-दोन आठवडे साध्या हवेंत, अंधाऱ्या जागीं पसरून ठेवला तर बराच सुधारतो.

मग कृति अशी. चार माणसांस एक किलो बटाटे, एक मध्यम कांदा, चहाचा एक चमचा मीठ. बटाटे सोलून किसणीच्या बारीक बाजूनें किसावेत, आणि मधून मधून कांदाहि त्यांतच किसावा. कांद्याच्या रसानें कीस लवकर काळा पडत नाहीं. पाणी फार सुटलें तर वर सांगितल्याप्रमाणें निथळून साका परत घालावा. मीठ घालून तत्काळ तव्याकडे वळावें. हा कीस वाट पाहत नाहीं. तव्यावर तेलाचा हात फिरवून भागत नाहीं, तेलाचा पातळ थर हवा, आणि तो चांगला तापलेला हवा. एकेक चमचा कीस घालून चमच्याच्या पाठीनें पातळ दाबावा. कडा तांबूस झाल्या म्हणजे एकदांच उलटावा. तीन-चार मिनिटें एक बाजू, तितकींच दुसरी. तव्यावरून ताटांत, ताटांतून तोंडांत. झांकून ठेवले कीं वाफेनें मऊ पडतात व त्यांचा कुरकुरीतपणा जातो.

आतां ज्यास आम्ही सर्वांत अधिक मान देतों तो आक्षेप घेऊं. 'किसणीचा एवढा कैवार घेणारे तुम्ही स्वतः किसणार काय? एक किलो कच्चा बटाटा बारीक किसणें म्हणजे बोटांचीं सालटें काढून घेणें. आणि परंपरेच्या नांवाखालीं तें काम पुन्हां घरांतील बायकांच्याच गळ्यांत पडणार.' हा आक्षेप एखाद्या भगिनीनें घेतला तर तिच्यापुढें आमची मान लवेल; कारण परंपरेचे पोवाडे एकानें गावयाचे व तिची मेहनत दुसरीनें करावयाची, हा आपल्या घरांतला जुना दंभ आहे. पण त्यावर उतारा मिक्सर नव्हे. आमचा विरोध यंत्रास नाहींच. बेलारूसमध्यें विजेवर चालणारी किसणी लोकप्रिय आहे. ती दांत्यांनीं किसते, पात्यानें फेंसाळत नाहीं, म्हणून पदार्थ पदार्थच राहतो. तसें यंत्र नसेल तर घरांतील पुरुषांनीं व मोठ्या मुलांनीं किसणी हातीं घ्यावी. चार जणांनीं अडीचअडीचशें ग्रॅम किसला तर कोणाचीहि सालटें निघत नाहींत. द्रानिकी चाखण्यास सर्वांच्या अगोदर ताट घेऊन बसणाऱ्या गृहस्थांनीं एवढें केल्यास परदेशी पाककलेपासून आपल्या समाजास झालेला तो सर्वांत मोठा लाभ ठरेल.

शेवटीं एक गोष्ट मराठी वाचकानें स्वतःच्या मनाशीं ताडून पाहावी. आपल्या पुरणपोळीस कोणी 'गोड पराठा' म्हटलें, पुरण न वाटतां साखर घातलेलें डाळीचें पीठ भरलें, आणि 'चव जवळजवळ तशीच' असें म्हणून ती वाढली, तर आपणांस काय वाटेल? आपण लगेच सांगूं कीं, पुरण वाटलें पाहिजे, कणीक तिंबली पाहिजे, आणि नांव पुरणपोळीच राहिलें पाहिजे. हा आग्रह रास्त आहे. मराठी बोलणारे आज आठ कोटींहून अधिक आहेत. आपल्यापाशीं राज्य आहे, विद्यापीठें आहेत, छापखाने आहेत. तरीहि आपल्या पदार्थाचें नांव बिघडलेलें आपणांस खपत नाहीं. बेलारूसची लोकसंख्या एक कोटीहूनहि कमी, आणि त्यांतील चौथा हिस्साच घरीं आपली भाषा बोलतो. २०२० सालच्या निवडणुकीनंतर लाखों लोक रस्त्यावर आले, दडपशाही झाली, आणि हजारोंनीं देश सोडला. परक्या शहरांतल्या भाड्याच्या खोलींत त्यांच्यापैकीं कितीएक आज किसणी घेऊन बसत असतील. जो आग्रह आपण स्वतःसाठीं धरतों, तो त्यांच्यासाठीं धरण्यास आपलें काय जातें?

म्हणून आमची सूचना अगदीं साधी आहे. पदार्थ आवडला तर तो प्रथम एकदां त्याच्या नांवानें व त्याच्या रीतीनें घरीं करावा. तो कोठला, कोणाचा, त्याच्या नांवाचा अर्थ काय, हें मुलांना पानावर सांगावें. दुसऱ्या दिवशीं त्यांत मिरची घालावी, बेसन घालावें, जिरेंहि घालावें; कोणाची मनाई नाहीं. मात्र त्या दिवशीं त्यास खुशाल धिरडें म्हणावें.